भिंतीची रातपाळी

९ मार्च

अपेक्षा मॅडमनी ही वही दिली. भिंत झाली की पुढच्या पानांवर रोजचं तापमान लिहायचं, सकाळ, दुपार, संध्याकाळ. मागची पानं कोणी बघणार नाही म्हणाल्या, म्हणून ती माझी. दहावीनंतर पेन हातात आलं ते फक्त सही करायला. शाळेतल्या बाईंनी शिकवलं तसं लिहिते, चुकलं तर चुकलं.

आज माझं काम गेलं. मीच घालवलं.

नांदगाव पेठेच्या एमआयडीसीजवळ नत्थुजींच्या बारा खोल्या आहेत, एका ओळीत, वर स्लॅब. कपड्याच्या कारखान्यातल्या पोरी तिथं भाड्यानं राहतात. अपेक्षा मॅडम अमरावतीच्या कॉलेजात शिकवतात. त्यांनी मेणात भिजवलेले दाणे घालून उष्णता धरून ठेवणारं प्लास्टर तयार केलं आहे. पाच नंबरच्या खोलीचं जुनं प्लास्टर काढून ते लावून बघायचं ठरलं. काम सहदेव ठेकेदाराकडे, आणि मी त्याच्याकडे घमेली उचलणारी.

सकाळी त्याच्या मिस्त्रीनं सगळं सामान मिक्सरमध्ये टाकून गरगर फिरवलं आणि भिंतीवर मारलं. तीन वाजता अर्ध्या भिंतीचं प्लास्टर खाली. सहदेव हसला. "मॅडम, भिंतीले मेण लावत असते काय कोनी? हे तुमच्या कॉलेजातच ठेवा." मॅडम पंचवीस-सव्वीसच्या असतील. त्या चष्मा पुसत राहिल्या.

मी पडलेलं भरत होते. बोटाला तेलकट लागलं. दाबून पाहिलं तर त्यातले दाणे फुटले होते. तोंडातून निघून गेलं, "मशीनमंदी काहून फिरवलं? दाणे फुटले ना. हातानं कालवलं असतं तं पडलं नसतं."

"तू घमेलं उचल."

"वीस वर्सं उचललं. आता हे भिंत मी करते."

सगळे मिस्त्री हसले. सहदेव नाही हसला. म्हणाला, "बाई माचाणावर चढली तं मी त्या साइटवर पाय नाई ठेवत. अन् माह्या कोन्याच साइटवर मंग तुले जागा नाई."

"नका ठेवू पाय," मी म्हटलं.

तो गाडी काढून गेला. मिस्त्रीही गेले. मी, मॅडम आणि पडलेली भिंत एवढेच उरलो.

१० मार्च

घरी सांगितलं. आमचे मालक, बुधाजी, प्लास्टरचे मिस्त्री होते. अमरावतीपासून परतवाड्यापर्यंत लोक त्यांना बोलावून न्यायचे. तीन वर्षांपूर्वी सहदेवच्याच साइटवर बांबूचं माचाण तुटलं, ते पडले, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. सहदेव दवाखान्यात एकदा संत्री घेऊन आला, मग आलाच नाही. तेव्हापासून हे टीव्हीसमोर. बोलतात कमी.

"थापी म्हंजे लाटणं वाटलं काय तुले?" एवढंच म्हणाले आणि कुशीवर वळले. त्यांची थापी नेऊ का विचारलं. त्यांनी चादर डोक्यावर ओढली. मी घेतली.

संडासांच्या मागच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, जिथं मिस्त्रीला जायचा कंटाळा येतो तिथं वीस वर्षं मीच हात फिरवला आहे. तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

१२ मार्च

मॅडमनी पायरीवर बसून समजावलं. काळे दाणे म्हणजे पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा कोळसा, तो मेणात भिजवलेला. हे मेण छत्तीस अंशांना वितळतं. वितळताना ते बाहेरची उष्णता ओढून घेतं, म्हणून खोली लवकर तापत नाही.

मी म्हटलं, "सरबतातल्या बर्फासारखं. बर्फ आहे तोवर सरबत गार."

"अगदी बरोबर, ललिताताई."

"अन् बर्फ सरला की?"

"रात्री हवा थंड झाली की मेण पुन्हा गोठतं. सकाळी भिंत नव्यानं तयार."

मॅडमच्या कॉलेजातले मोठे सर म्हणतात, परदेशात असल्या भिंती चालतात, वऱ्हाडात नाही. नत्थुजींनी मे अखेरपर्यंतची मुदत दिली आहे. पाच नंबर आणि शेजारची साधी सहा नंबर यांत फरक दिसला नाही तर सगळं खरवडून जुनं करून द्यायचं, आणि मॅडमचं कामही तिथंच बंद. मला विचारलं, जमेल ना? जमेल म्हटलं. खोटं बोलले. मला माहीत नव्हतं.

१५ मार्च

तीनदा मारलं, तीनदा घसरलं. हातानं हळू कालवते, दाणे फुटत नाहीत, पण थापीनं फेकलं की माल भिंतीवरून गोगलगाईसारखा उतरतो. मॅडमच्या डोळ्यांत पाणी. माझ्या नाही आलं. मी पडलेला माल पुन्हा घमेल्यात भरला.

घरी आले तर हे टीव्हीकडे बघत सुरू झाले. "चुन्याचं काम केलं असतं तं समजलं असतं. चुना कोनी फेकून मारते काय? तळव्यानं दाबा लागते. दोन पातळ थर. अन् पयले भिंतीले पोटभर पाणी पाजा लागते. पन आजकाल सारेच हुशार." मी ताटावरून उठले. दिवसभर घसरणारा माल बघायचा आणि घरी टोमणे ऐकायचे, एवढं माझ्याच्यानं होत नाही.

१६ मार्च

सकाळी मला एकदम सुचलं. भिंत आधी भरपूर भिजवली. माल फेकला नाही, तळव्यानं दाबत दाबत पातळ थर दिला. दुपारी दुसरा. बसला! ओळंबा लावून पाहिलं, सरळ. मॅडमनी मला मिठीच मारली, त्यांचा पांढरा कुर्ता काळा झाला.

घरी मुद्दाम सांगितलं नाही. यांनी विचारलं, "पडलं का?" मी म्हटलं, "नाई पडलं." "हं," म्हणाले आणि दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली.

२० मार्च

चारही भिंती आणि छताचं प्लास्टर झालं. एक गोष्ट फक्त इथं लिहिते. छताच्या मालात मी सिमेंट वाढवलं, दोन घमेली. मॅडम तेव्हा कॉलेजात होत्या. डोक्यावर पडलं तर कोणी मरेल या भीतीनं हात गेला. त्यांनी दिलेलं माप मोडलं आणि सांगितलं नाही.

२४ मार्च

प्लास्टरला रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर तडे जातात. मी सातला पोचते तर भिंत आधीच ओली. चार दिवस झाले. नत्थुजींना विचारलं तर म्हणाले, "मी काहून मारू पाणी? माह्यी भिंत हाये काय ते?" मॅडम तर नऊला येतात. टाकीला गळती असावी, पण गळती चारही भिंतींना सारखी कशी?

हे आता पहाटे फिरायला जातात. चांगलं आहे. फक्त चपला चिखलाच्या करून आणतात, कुठं फिरतात देव जाणे.

३ एप्रिल

पाच नंबरमध्ये करिश्मा राहायला आली. परतवाड्याची, तेवीस वर्षांची. रातपाळी करते. संध्याकाळी सातला जाते, सकाळी आठला येते आणि झोपते. झोपते म्हणजे झोपायचा प्रयत्न करते. मागच्या मे महिन्यात सहा नंबरमध्ये होती. दिवसभर घामात लोळायची, रात्री मशीनवर डोळा लागायचा. एकदा चक्कर येऊन मशीनच्या अंगावर गेली, मागच्या बाईनं ओढलं म्हणून हात वाचला. सुपरवायझरनं सांगितलं आहे, परत झोपलीस तर येऊ नकोस.

"मावशी, खरंच थंडी राहीन काय हे खोली?"

"राहीन," मी म्हटलं. आता दोघींना शब्द देऊन बसले आहे.

२१ एप्रिल

बाहेर त्रेचाळीस. सहा नंबर साडेएकोणचाळीस, पाच नंबर साडेपस्तीस. चार अंश! करिश्मा दुपारी दोनला घोरत होती. मी दारातून ऐकत उभी राहिले.

२ मे

फरक गेला.

कालपासून दोन्ही खोल्या एकेचाळीस. पाच नंबर उलट संध्याकाळी जास्त तापलेली. करिश्माचे डोळे लाल. ओली चादर अंगावर घेऊन ती पुन्हा आडवी झाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

४ मे

मॅडमना सिमेंटचं सांगून टाकलं. वाटलं होतं रागावतील. त्या बराच वेळ वहीत आकडे मांडत बसल्या. म्हणाल्या, "छत जरा कमी काम करत असेल ताई, पण एवढ्यानं सगळा फरक जाणार नाही. भिंतींवर तर माप बरोबरच आहे. दुसरं काहीतरी आहे, मला कळत नाहीये." मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी भीती वाटली तर मला सांगा. मलाही वाटते." मी मान हलवली. पुढची वेळ येईल का ते दोघींनाही माहीत नव्हतं.

यांनी जेवताना विचारलं, "खिडक्या कोन्या तोंडाच्या हायेत थ्या खोलीले?" मी म्हटलं, तुम्हाला काय करायचं आहे. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

६ मे

सहदेव आला. बरोबर नत्थुजी आणि त्याचे दोन मिस्त्री. हातात पाइप तापवून जोडायचा, ज्योत फेकणारा गॅसचा भोंगा. म्हणे, "मेणाची भिंत हाये, एक ठिणगी पडली तं पोरगी अंदर जळून मरन. नत्थुजी, मी तुमाले दाखवतो."

करिश्मा झोपेतून उठून अंथरूण घेऊन बाहेर आली. आजूबाजूच्या पोरी जमल्या. मॅडम म्हणाल्या, असं करता येत नाही, याची चाचणी प्रयोगशाळेत करावी लागते. त्यांचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही.

मला भीती वाटली. खरं सांगते, मला माहीत नव्हतं भिंत पेटते की नाही. पण त्याला नाही म्हटलं असतं तर पेटल्यासारखंच झालं असतं.

मी म्हटलं, "लाव."

त्यानं भोंगा भिंतीला लावला. धूर निघाला, मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा वास आला, वीतभर जागा काळी झाली, एक खपली उडाली. मी मनात मोजत होते. शंभरपर्यंत मोजलं. भिंत पेटली नाही. त्यानं भोंगा आणखी जवळ नेला. नाही पेटली.

"झालं?" मी म्हटलं. "आता शेजारच्या खोलीतल्या प्लायवूडच्या दरवाज्याले लाव. थो तूच बसवला ना?"

पोरी हसल्या. नत्थुजीसुद्धा दुसरीकडे बघून हसले. सहदेव म्हणाला, "जळत नसन. पन गार तरी कुठी हाये?" नत्थुजींचं हसू गेलं. नत्थुजींनी मुदत कमी केली. पंधरा मे.

तो काळा डाग मॅडम पुसायला निघाल्या. मी पुसू दिला नाही.

९ मे

आज पाच नंबरच्या दारात सकाळपासून बसले. करिश्मा आठला आली. दार उघडलं आणि आतून भट्टीसारखी वाफ आली. बाहेर तेव्हा सकाळचा गारवा होता, थोडासा का होईना. मी भिंतीला हात लावला. सकाळी आठला भिंत गरम!

"खिडकी बंद ठेवतं काय तू?"

"मी रातच्याले नसतो ना मावशी. मागच्या वर्सी बाजूच्या गीतांजलीच्या खोलीत हात टाकून मोबाइल नेला. अन् थे कोपऱ्यावर पोट्टे उभे राह्यतात. खिडकी उघडी ठेवून कसं जाऊ?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. एप्रिलमध्ये रात्र गार होती, खिडकी बंद असूनही भिंत बाहेरून निवत होती. आता रात्र बत्तीसच्या खाली मोठ्या मुश्किलीनं जाते, आणि तेवढी हवाही आत येत नाही. मेण वितळलं ते वितळलेलंच. बर्फ एकदा संपला आणि पुन्हा कोणी टाकलाच नाही.

मी हे सगळं मोठ्यानं सांगत होते. करिश्मा हसली. "म्हंजे मी रातपाळी करतो, भिंत दिवसपाळी करते. तिले सुट्टीच नाई?"

मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "ताई, मी तापमान मोजलं, खिडकी कोण उघडतं ते विचारलंच नाही."

१० मे

नत्थुजींना म्हटलं, मागच्या भिंतीत खाली आणि वर विटांची जाळी बसवू. हात जाणार नाही, हवा जाईल. दिवसा आतून फळी लावायची. ते म्हणाले, "माह्या भिंतीले भोकं? बाई, तुले येड लागलं. पंधरा तारखेले खरवडून दे अन् मोकळी हो."

१२ मे

बुद्ध पौर्णिमा. सकाळी विहारात गेले, पांढरी साडी नेसून वंदना घेतली. खीर वाटली. मग घरी येऊन साडी बदलली, हातोडा आणि छन्नी घेतली.

नत्थुजी लग्नाला अकोल्याला गेले होते. मॅडमना मी बोलावलं नाही, त्यांची नोकरी आहे. हे मी माझ्या डोक्यानं करते आहे, शिक्षा झाली तर मला होईल. करिश्माला विचारलं. ती म्हणाली, "मी विटा देतो."

पहिल्या घावाला नुसती खपली उडाली. दुसऱ्याला वीट हलली. तिसऱ्याला वीट निघाली आणि भिंतीच्या पलीकडच्या उजेडाचा चौकोनी तुकडा आत पडला.

तासाभरानं दारात हे उभे. घामानं निथळत. म्हटलं आता भांडतात. ते वाकून भोकाकडे बघत म्हणाले, "जाळीच्या इटा आडव्या काहून लावून राह्यली? तिरप्या लाव. आडव्या लावल्या तं काडी घालून कपडे ओढतीन." डाव्या हातानं एक वीट तिरपी धरून दाखवली. मग ओळंबा धरून बसले, संध्याकाळपर्यंत. मी वर चढले, त्यांनी खालून माल दिला. घमेलं डाव्या खांद्यावर घेतलं.

घरी वीज गेली असावी, म्हणून आले असतील. पंख्याशिवाय त्यांना बसवत नाही.

१५ मे

नत्थुजी आले. भोकं बघितली आणि असे काही ओरडले की बाराही खोल्यांची दारं उघडली. पोलिसात देतो म्हणाले. मी म्हटलं, "द्या. पन पयले अंदर या."

"काहून येऊ?"

"दुपारचे दोन वाजले. बाहेर पंचेचाळीस हाये. तुमी घामानं भिजले. अंदर या, मंग शिव्या द्या."

ते आले. करिश्मा उठून कोपऱ्यात बसली होती. मुदतीचा दिवस म्हणून मॅडमही आल्या होत्या, त्यांनी तापमापक नत्थुजींच्या हातात दिला. साडेछत्तीस. मग त्यांना सहा नंबरमध्ये नेलं. एकेचाळीस. नत्थुजी परत पाच नंबरमध्ये आले, भिंतीला पाठ टेकून खाली बसले. टोपी काढली. तिनंच मान पुसली.

"कूलर कुठी हाये?" त्यांनी विचारलं.

"बंद हाये," करिश्मा म्हणाली. "तीन दिवसांपासून दुपारी लावलाच नाई. पाण्याच्या बादल्याई वाचल्या."

नत्थुजी उठले. दारात थांबून म्हणाले, "भोकं मले न इचारता पाडले, थे चुकलंच तुह्यं." मी म्हटलं, "हो. चुकलं. अन् पुन्हा पाडीन." ते गेले. पोलीस आले नाहीत.

२८ मे

बाहेर सेहेचाळीस. पाच नंबर सदतीस. थंड नाही म्हणता येणार, पण झोप लागते. करिश्मा सलग पाच तास झोपते. जाळी बसल्यापासून मशीनवर एकदाही डुलकी नाही. शेजारच्या पोरी दुपारी चादरी घेऊन तिच्याकडे येतात, दाटीवाटीनं सहा जणी. मॅडम म्हणतात माणसं जास्त झाली की आकडे बिघडतात. बिघडू द्या.

नत्थुजींनी उरलेल्या खोल्यांचं विचारलं. मला नाही, मॅडमना. मॅडमनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. ते अजून आलेले नाहीत.

मॅडमच्या मोठ्या सरांनी अहवाल वाचला. एकाच खोलीवरून काही सिद्ध होत नाही म्हणाले. मॅडम त्यांना म्हणाल्या, "मग दुसरी द्या." हे त्या मला सांगत होत्या तेव्हा चष्मा पुसत नव्हत्या.

३ जून

आज दुपारी फोन वाजला. मी जेवत होते, हात भातात. यांनी उचलला आणि आवाज मोठा केला. अकोल्याहून देवानंद नावाचे कोणी. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात त्यांची अभ्यासिका आहे, तिसऱ्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. चाळीस पोरं-पोरी भरतीचा अभ्यास करतात, उन्हाळ्यात निम्मी घरी पळतात. करिश्माची बहीण तिथं अभ्यासाला बसते, तिनं सांगितलं म्हणे.

"थे मेणाच्या प्लास्टरवाले मिस्त्री हायेत काय?" त्यांनी विचारलं. "मिस्त्रीले द्या ना फोन."

"मिस्त्री जेवून राह्यली," हे म्हणाले. "हात धुते अन् बोलते."

मी हात धुतले. दोनदा धुतले, कारण डोळेही धुवायचे होते. फोन घेतला.

पलीकडून विचारणा झाली, "बाई, तुमी सोता चढता माचाणावर?"

"चढते. पन पयले सांगते, मशीन चालणार नाई, माल हातानं कालवीन. अन् प्लास्टरच्या आधी भिंतीत भोकं पाडीन. मंजूर असन तं बोला."

"भोकं?" ते कोणाशी तरी बोलून परत फोनवर आले. "बरं. सोमवारी या."

"सोमवारी नाई," मी म्हटलं. "उद्या येते. पावसाच्या आधी भिंत वाळली पायजे."

फोन ठेवला. हे हातोड्याचा दांडा घट्ट करत बसले होते. मी विचारलं, अकोल्याची पहिली बस किती वाजता असते? त्यांनी वेळ सांगितली आणि दोन तिकिटं लागतील म्हणाले.